पावत्यांच्या बेरजेत न बसणारी मेमरी
लेखमाला : घरचा संगणक, भाग सातवा

वारणानगरच्या पंचक्रोशीत संगणक शिरला तो उसाच्या हिशेबासाठी. तात्यासाहेब कोरे यांनी 1950 च्या दशकात उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याभोवती दूध संघ, बाजार, शाळा, महाविद्यालयं असं गावच वसलं होतं. 1998 मध्ये केंद्र सरकार, महाराष्ट्र सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून इथे ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे 70 गावं त्यात होती. आपला ऊस किती गेला, खत किती उचललं, बिलाचं काय झालं, हे विचारायला कारखान्यापर्यंत हेलपाटा घालावा लागू नये म्हणून गावोगावी माहिती केंद्रं उघडली आणि तिथे संगणक बसले. ग्रामीण भागात संगणक नेण्याचे जे प्रयोग देशात सुरुवातीला झाले, त्यांत वारणेचं नाव आजही घेतलं जातं.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी हेच काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं. सात गावांत आठ महिने चाचणी चालली. संगणकावर होणारं सगळं काम फोनवर झालं, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ते अधिक सोयीचं वाटलं. संगणक सांभाळणं हे संगणक विकत घेण्याइतकंच मोठं काम असतं, ही गोष्ट या चाचणीने फार लवकर दाखवून दिली. ती अजून अनेकांच्या पचनी पडलेली नाही. यंत्र मंदावलं की आजही पहिला सल्ला येतो, ‘रॅम वाढवा’. खर्च होतो, महिनाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

तशी मेमरीची भूक वाढली आहे, यात शंका नाही. वारणेचा प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी बाजारात आलेल्या विंडोज 98 ला किमान 16 एमबी रॅम पुरत असे. 2021 च्या विंडोज 11 ची किमान अट 4 जीबी, म्हणजे 256 पट आहे. पण या भागाचा विषय ती उघड भूक नाही. हिशेब लागत नाही अशी मेमरी, हा या भागाचा विषय आहे.

दृश्य ओळखीचं आहे. 8 जीबीचा लॅपटॉप, नुकताच सुरू केलेला, एकही मोठा प्रोग्राम उघडलेला नाही. पंखा फिरतो आहे, माऊस अडखळतो आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला, तर मेमरीच्या रकान्यावर 82 टक्के. त्या रकान्यावर क्लिक करून यादी मोठ्याकडून लहानाकडे लावली, तर सगळ्यात वरचा प्रोग्राम जेमतेम 300 एमबी घेतो आहे. सगळ्यांची बेरीज करावी तर कशीबशी अडीच जीबी भरते. वापर मात्र साडेसहा जीबी दिसतो. मधले चार जीबी गेले कुठे?

कारखान्याच्या काट्यावर दिवसभरात भरलेलं एकूण वजन आणि त्या दिवशी फाडलेल्या वजनपावत्यांची बेरीज जुळावी लागते. जुळली नाही, तर जाणता माणूस काटा बदलायला निघत नाही. पावती न फाडता कोणती वाहनं आत गेली, हे तो आधी शोधतो. टास्क मॅनेजरची प्रोग्रामांची यादी म्हणजे केवळ पावत्या आहेत. तीत प्रत्येक प्रोग्रामची खासगी मेमरी तेवढी मोजलेली असते. अनेक प्रोग्रामांनी वाटून घेतलेली पानं, विंडोजच्या गाभ्याने स्वतःसाठी घेतलेली मेमरी, ड्रायव्हरांनी अडवलेली मेमरी, काही डेटाबेस वेगळ्या वाटेने मागतात ती कुलूपबंद मेमरी, आभासी यंत्रांना दिलेली मेमरी, यांतलं बरंचसं या यादीत येतच नाही. एकूण आकड्यात मात्र ते सगळं असतं. त्यामुळे बेरीज जुळली नाही म्हणजे संगणकात व्हायरस शिरला, असं लगेच समजू नये. मेमरीचं प्रत्येक पान कुठे ना कुठे नोंदलेलं असतंच. ती नोंद कोणत्या वहीत आहे, एवढंच शोधायचं असतं.

आणि पानं थोडी नसतात. विंडोज मेमरीचे 4 केबीचे तुकडे करून हिशेब ठेवते, त्यांना पेज म्हणतात. 8 जीबी म्हणजे जवळजवळ 21 लाख पेज.

शोध सुरू करण्याआधी एक खात्री करून घ्यावी. मेमरी भरलेली असणं हा आजार असेलच असं नाही. टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ भागात ‘मेमरी’ उघडली की खाली एक आडवी पट्टी दिसते. तिच्यातला ‘स्टँडबाय’ नावाचा तुकडा बहुधा मोठा असतो. थोड्या वेळापूर्वी वाचलेल्या फाइली पुन्हा लागतील म्हणून तिथे राखलेल्या असतात, आणि कुणाला मेमरी हवी झाली की हा तुकडा लगेच मोकळा करून दिला जातो. 2007 च्या विंडोज व्हिस्टापासून तर नेहमी लागणारे प्रोग्राम आधीच मेमरीत आणून ठेवण्याचं काम सुपरफेच करत आलं आहे. रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते, हे त्यामागचं तत्त्व आणि ते बरोबरच आहे. म्हणून ‘फ्री’ किती आहे हे पाहण्यात अर्थ नाही. ‘अव्हेलेबल’ किती आहे ते पाहावं. त्याच्या शेजारचा ‘कमिटेड’ हा आकडा त्याहून महत्त्वाचा. तिथे दोन संख्या असतात, किती मेमरीचा शब्द दिला गेला आहे आणि कुठपर्यंत देता येईल. पहिली संख्या दुसरीला भिडू लागली, तर संगणक खरोखर अडचणीत आहे.

यानंतरची पायरी इतकी साधी आहे की बहुतेक जण ती ओलांडून पुढे जातात. संगणक ‘रीस्टार्ट’ करायचा. ‘रोज रात्री बंद करतोच की,’ असं उत्तर यावर हमखास येतं, आणि इथेच खरी गोम आहे. 2012 च्या विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर उघडे प्रोग्राम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर जसे आहेत तसे डिस्कवर उतरवून ठेवले जातात आणि सकाळी तेच पुन्हा मेमरीत उचलले जातात. एखादा ड्रायव्हर मेमरी गिळत असेल, तर त्याने काल गिळलेली मेमरी आजही त्याच्याच नावावर राहते. टास्क मॅनेजरमध्ये ‘सीपीयू’च्या पानावर ‘अप टाइम’ पाहावा. रोज बंद होणाऱ्या संगणकावर तिथे वीस-पंचवीस दिवस दिसले, तर यंत्र खऱ्या अर्थाने इतके दिवस बंद झालेलंच नाही. ‘रीस्टार्ट’ मात्र गाभ्यासकट सगळं नव्याने उभं करतं. त्यानंतर वापर 35-40 टक्क्यांवर आला आणि पुढच्या काही दिवसांत हळूहळू पुन्हा वर चढला, तर निदान अर्धं झालं. कुठेतरी गळती आहे.

गळती म्हणजे घेतलेली मेमरी काम संपल्यावर परत न करणं. नेहमीच्या प्रोग्रामची गळती सापडायला सोपी, कारण तो यादीत वर वर सरकत राहतो आणि बंद केला की त्याची सगळी मेमरी सुटते. ड्रायव्हरची गळती तशी दिसत नाही. तिच्यासाठी ‘मेमरी’च्या पानावर खाली कोपऱ्यात ‘नॉन-पेज्ड पूल’ हा आकडा असतो. गाभ्याची ही मेमरी डिस्कवर हलवता येत नाही, ती कायम रॅममध्येच बसते. घरच्या संगणकावर ती साधारण काहीशे एमबी असते. ती दोन-तीन जीबीवर गेली असेल आणि रोज वाढत असेल, तर संशय सरळ ड्रायव्हरवर जातो. नेटवर्क कार्डाचे आणि अँटिव्हायरसचे ड्रायव्हर यात वारंवार सापडतात, कारण सतत येणारा-जाणारा डेटा त्यांच्या हातून जातो. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर संचात ‘पूलमॉन’ नावाचं छोटं साधन मिळतं. गाभ्यातून मेमरी मागणारा प्रत्येक ड्रायव्हर आपल्या मागणीवर चार अक्षरांची खूण लावतो आणि पूलमॉन त्या खुणांनुसार हिशेब मांडतो. सगळ्यात मोठी खूण घ्यायची, ती कोणत्या ड्रायव्हरच्या फाइलीत आहे ते शोधायचं आणि तो ड्रायव्हर बदलायचा. यासाठी इलेक्ट्रॉनिक्सची पदवी लागत नाही, निवांत अर्धा तास लागतो.

पूलही ताळ्यावर असेल, तर मोठी वही उघडावी लागते. तिचं नाव रॅममॅप. मार्क रसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी 1996 मध्ये सिसइंटर्नल्स नावाने विंडोजच्या पोटात डोकावणारी साधनं द्यायला सुरुवात केली. ती इतकी उपयोगी ठरली की 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो उपक्रमच विकत घेतला. रॅममॅप त्याच घराण्यातलं आणि फुकट आहे. ते प्रत्येक पेजचा धनी सांगतं. ‘प्रोसेस प्रायव्हेट’ म्हणजे प्रोग्रामांचं, ‘मॅप्ड फाइल’ म्हणजे उघडलेल्या फाइलींचं, ‘ड्रायव्हर लॉक्ड’ म्हणजे बहुधा आभासी यंत्रासाठी अडवलेलं, ‘एडब्ल्यूई’ म्हणजे वर सांगितलेलं डेटाबेसचं कुलूपबंद खातं, ‘मेटाफाइल’ म्हणजे डिस्कवरच्या फाइलींची नोंदवही. हरवलेले चार जीबी यांतल्या कुठल्यातरी ओळीत ठळक उभे दिसतात.

यातला सर्वांत विलक्षण शोध तेव्हा गूगलच्या क्रोमवर काम करणारे अभियंते ब्रूस डॉसन यांनी 2018 मध्ये लिहून ठेवला आहे. त्यांच्याच दणकट संगणकावरची सुमारे 32 जीबी मेमरी बेपत्ता होती. टास्क मॅनेजरमध्ये काही नाही, चालू प्रोग्रामांत काही नाही. रॅममॅपमध्ये ‘प्रोसेसेस’ची यादी उघडल्यावर पाच लाखांहून जास्त नोंदी निघाल्या, आणि त्या सगळ्या संपून गेलेल्या प्रोग्रामांच्या होत्या. क्रोमसारखं प्रचंड सॉफ्टवेअर बांधताना दिवसभरात हजारो छोटे प्रोग्राम सुरू होतात आणि संपतात. संपलेल्या प्रोग्रामची नोंद विंडोज पुसून टाकते, पण दुसऱ्या कुणी त्या नोंदीचा हात धरून ठेवला नसेल तरच. इथे कंपन्यांचे संगणक एकत्र सांभाळणाऱ्या, खुद्द मायक्रोसॉफ्टच्याच सॉफ्टवेअरचा एक घटक प्रत्येक नव्या प्रोग्रामचा हात धरायचा आणि सोडायला विसरायचा. एका मेलेल्या नोंदीमागे सुमारे 64 केबी अडकत. पाच लाखांना 64 केबीने गुणलं की बरोबर ते बेपत्ता 32 जीबी हाती लागतात.

घरच्या संगणकावर हे पाहायचं तर टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ भागात रकान्यांच्या शीर्षकावर उजवं क्लिक करून ‘हँडल्स’, म्हणजे असे धरलेले हात, हा रकाना जोडावा. काही हजार हँडल्स असलेला प्रोग्राम सामान्य मानावा. लाखाच्या घरात गेलेला प्रोग्राम त्याच्या कंपनीच्या सेवा विभागाच्या नजरेस आणावा. डॉसन यांच्या लेखातून शिकण्यासारखी गोष्ट अशी, की दोषी घटकाच्या स्वतःच्या नावावर फारशी मेमरी नव्हतीच. ‘सगळ्यात जास्त मेमरी कोण घेतं’ या प्रश्नाला तो कधीच सापडला नसता.

मेटाफाइलची ओळही अशीच फसवी आहे, आणि तिच्यासारख्याच नोंदवहीपायी एक यान थेट मंगळावर अडलं होतं. नासाची स्पिरिट ही गाडी 4 जानेवारी 2004 रोजी मंगळावर उतरली. 21 जानेवारीला तिने पृथ्वीशी नीट बोलणं थांबवलं. ती सुरू व्हायची, अडखळायची, स्वतःला पुन्हा सुरू करायची, आणि हे साठाहून अधिक वेळा झालं. रात्री झोपी जायचं तेही तिला जमेना, त्यामुळे बॅटरी उतरू लागली. गाडीत 128 एमबी रॅम आणि 256 एमबी फ्लॅश साठवण होती. फ्लॅशमध्ये जागा होती. पण फ्लॅशमधल्या फाइलींची नोंदवही चालू असताना रॅममध्ये ठेवली जाई, आणि मंगळापर्यंतच्या सात महिन्यांच्या प्रवासात जमलेल्या फाइलींनी ती फुगत गेली होती. फाइल पुसली तरी तिची नोंदीतली जागा आकसत नसे. अखेर नोंदवहीला लागणारी रॅम नेमून दिलेल्या मर्यादेबाहेर गेली. अभियंत्यांनी गाडीला फ्लॅशकडे न पाहताच सुरू होण्याची आज्ञा दिली, मग जुन्या फाइली काढल्या आणि फ्लॅश नव्याने आखून घेतली. मूळ मोहीम 90 मंगळ-दिवसांची होती, स्पिरिट त्यानंतर 2010 पर्यंत बोलत राहिली.

मंगळावरची गाडी आणि गावातला संगणक यांच्या प्रणाली वेगळ्या आहेत, पण तपासाची दिशा एकच. लग्नाच्या फोटोंचं काम करणाऱ्या, वर्षानुवर्षांच्या लाखो फाइली एकाच डिस्कवर ठेवणाऱ्या संगणकावर बॅकअप किंवा व्हायरस-तपासणी चालली, की एकेका फाइलीची नोंद मेमरीत येते आणि मेटाफाइलची ओळ फुगते. ती ‘स्टँडबाय’च्या रकान्यात असेल तर चिंता नाही. ‘अ‍ॅक्टिव्ह’च्या रकान्यात जीबीच्या मापात असेल, तर रॅम घेण्याआधी फाइलींची आवराआवर करावी आणि तपासणीची वेळ कामाच्या वेळेबाहेर न्यावी.

वारणानगरात तात्यासाहेब कोरे यांच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय 1983 पासून आहे. अशा ठिकाणच्या वसतिगृहांत आणखी एक धनी आढळतो, तो म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवणारं आभासी यंत्र. प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना ते लागतंच. यादीत ते ‘व्हीएममेम’ या नावाने दिसतं आणि मुभा दिली तर एकूण रॅमच्या निम्मी घेतं. आत लिनक्सने फाइली साठवायला घेतलेली मेमरी बाहेर विंडोजला लगेच परत मिळतेच असं नाही. ते यंत्र बंद केलं की मेमरी सुटते, आणि त्याच्या मांडणीच्या फाइलीत कमाल मर्यादा लिहून ठेवली की प्रश्न पुन्हा येत नाही.

संस्थांच्या कार्यालयांत वेगळा पाहुणा असतो. हिशेबाच्या पुष्कळ सॉफ्टवेअरमागे एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस असतो. वाचलेली माहिती शक्य तितकी मेमरीत राखायची, अशीच त्याची रचना आहे. त्याच्या पूर्ण आवृत्तीत मेमरीची कमाल मर्यादा मुळात 2147483647 एमबी अशी लिहिलेली असते, म्हणजे मर्यादा नाहीच. फुकट मिळणाऱ्या एक्सप्रेस आवृत्तीत माहिती राखायची ही जागा 1410 एमबीवर थांबते. ज्या संगणकावर डेटाबेस आहे त्याच संगणकावर दिवसभर ब्राउझर, टंकलेखन आणि छपाई चालत असेल, तर पूर्ण आवृत्तीला मर्यादा घालून द्यावी. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला हे दोन मिनिटांत करता येतं. त्याच्याकडून ते मागून घ्यावं, तो ग्राहकाचा हक्क आहे.

ब्राउझरचं गाऱ्हाणं सर्वत्र आहे, त्यामुळे त्याच्यावर फार शब्द घालवायला नकोत. क्रोमने 2018 मध्ये सुरक्षिततेसाठी प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रोसेसमध्ये ठेवायला सुरुवात केली, तेव्हा गूगलनेच 10 ते 13 टक्के जादा मेमरी लागेल असं सांगितलं होतं. ती किंमत देण्याजोगी आहे. ब्राउझरमध्येच शिफ्ट आणि एस्केप दाबल्यावर त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किंवा कोणतं एक्स्टेन्शन जड आहे ते दाखवतो.

कधी मेमरी वापरातच आलेली नसते. ‘मेमरी’च्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’समोर काहीशे एमबी असतील तर ठीक. दोन जीबी असतील तर ती बहुधा प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली असते आणि काही संगणकांवर बायोसमधून कमी करता येते. चार-चार जीबी असतील तर 32 बिटची विंडोज बसवली आहे का, किंवा रॅमची पट्टी खाचेत नीट बसलेली आहे का, ते पाहावं.

‘मेमरी साफ करून देतो’ असं म्हणणारे प्रोग्राम मात्र टाळावेत. त्यांतले बहुतेक चालू प्रोग्रामांची पानं जबरदस्तीने बाहेर ढकलतात. आकडा क्षणभर उतरतो आणि तीच पानं परत आणताना डिस्कची धावपळ होऊन यंत्र आणखी मंदावतं. 1995 मध्ये अमेरिकेत ‘सॉफ्टरॅम 95’ नावाचं सॉफ्टवेअर मेमरी दुप्पट करण्याच्या वचनावर धडाक्याने विकलं गेलं. तपासात ते विंडोज 95 वर तसं काहीच करत नसल्याचं निघालं आणि 1996 मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीवर कारवाई केली. गळती कुठे आहे हे न शोधता आकडा तेवढा खाली आणण्याचा मोह तेव्हाही होता, आजही आहे.

एवढं सगळं पाहून झालं आणि बेरीज जुळली, प्रत्येक ओळीचा धनी ओळखीचा आणि गरजेचा निघाला, ‘कमिटेड’चा आकडा तरीही मर्यादेला टेकलेलाच राहिला, तर रॅम खरोखर कमी आहे. मग दुकानात जाण्याआधी त्याच ‘मेमरी’च्या पानावरून तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. किती खाचा आहेत आणि त्यांतल्या किती भरल्या आहेत, मेमरीचा वेग किती आणि पट्टीचा आकार कोणता. पिढी डीडीआर 3, 4 की 5, हे जुन्या पट्टीवरच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं, आणि एका पिढीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. बऱ्याच नव्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य बोर्डावरच डाखलेली असते, तिथे वाढवण्याचा प्रश्नच येत नाही. एका खाचेत 8 जीबीची पट्टी असेल तर दुसऱ्या खाचेत तशीच, त्याच वेगाची पट्टी घ्यावी. मेमरीचे दोन्ही मार्ग एकदम चालू लागले की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सलाही त्याचा फायदा होतो.

पुढच्या भागात : डिस्क 100 टक्के व्यग्र दिसते तेव्हा.